हिप्परग्याचा पांढऱ्या कपाळाचा पाहुणा

पुण्याच्या स्टेशनवर मला पोचवायला घरची सगळी मंडळी आली होती. प्रेमापोटी नव्हे. मागं एकदा नाशिकला म्हणून निघालेला मी दौंडला उतरलो होतो, तेव्हापासून मी योग्य गाडीत बसलो हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आमच्या घरात कुणाला स्वस्थता नसते. गळ्यात दुर्बीण, काखेत छत्री, पायाशी वळकटी आणि फिरकीचा तांब्या अशा थाटात मी खिडकीशी बसलो. "ही सोलापूरलाच जाते ना हो?" असं आमच्या कुटुंबानं डब्यातल्या प्रत्येकाला विचारून घेतलं आणि मगच गाडीला सुटायची परवानगी दिली.

सोलापूरला मला बोलावलं होतं एका हंसानं. म्हणजे पत्र लिहिलं होतं मलकाप्पानं. हा माझा कॉलेजातला सोबती, आता सोलापूरच्या बाजारातला धान्याचा मोठा अडत्या. मी पुण्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवतो आणि उरलेल्या वेळात पक्ष्यांच्या मागं हिंडतो, हे त्याला ठाऊक. त्यानं कार्डावर लिहिलं होतं: "हिप्परग्याच्या तलावावर तुझे रानहंस आले आहेत. त्यात एक पक्षी निराळाच आहे. आमच्या अव्वाचं (आईचं) म्हणणं, त्यानं कपाळाला विभूती लावली आहे. येऊन बघून जा."

हे वाचून माझ्या हातातला चहा धोतरावर सांडला. दख्खनात थंडीत जे हंस उतरतात ते पट्टेरी. पांढरं डोकं आणि डोक्यामागं दोन काळे पट्टे. विभूतीसारखं पांढरं कपाळ असतं ते वेगळ्या हंसाचं. तो फार लांबचा, उत्तर ध्रुवाकडचा. थंडीत सिंधच्या बाजूला कधीमधी दिसतो म्हणतात. पण आपल्या मुलखात तो उतरल्याचं मी तरी कुठं वाचलं नव्हतं. हा तोच असेल तर तो पहिल्यांदा ओळखणारा माणूस मी ठरणार होतो.

आणि मला ठरायचं होतं. मुंबईत पक्ष्यांचा अभ्यास करणारी काही विद्वान मंडळी आहेत. त्यांच्याकडे मी अधूनमधून शोध धाडत असतो. एकदा मी मुठा नदीवर एक दुर्मीळ बदक शोधलं. ते जवळच्या वाडीतल्या पाटलीणबाईंनी पाळलेलं निघालं. त्याला हाक मारली की ते घरी जात असे. पुढं एक अनोखा गरुड कळवला, तो गरुड नव्हता. तेव्हापासून मुंबईहून मला एकच उत्तर येतं: "पक्षी मारून त्याचं कातडं पाठवा. नुसत्या वर्णनावर विश्वास ठेवण्याची सोय नाही." म्हणून मलकाप्पाला मी उलट टपाली कळवलं, येतो, पण तिथं कुणी चांगला बंदूकवाला असला तर सांगून ठेव.

कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबली. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची नजर दौंडपासून माझ्या दुर्बिणीवर होती. मी मोठ्या ऐटीत ती त्याच्या डोळ्यांना लावून दिली.

"आवो, फलाट लई लांब ग्येला की!" म्हातारा ओरडला. "गाडी सुटली! माजी म्हातारी खाली पानी भराया गेलीया!"

तो धावत दाराकडे निघाला. त्याची म्हातारी तांब्या भरून दारातच उभी होती, ती दचकली आणि पाणी माझ्या वळकटीवर गेलं. मी दुर्बीण उलटी धरली होती. पुढच्या प्रवासात सगळा डबा ती आलटून पालटून उलटी लावून बसला आणि म्हातारी मला म्हणाली, "शिकल्याला मानूस, पर सरळ बाजू कंची त्ये ठावं न्हाय." मी ओल्या वळकटीवर बसून हसलो. दुसरं काय करणार?

सोलापूरला उतरलो तेव्हा गिरण्यांचे भोंगे होऊन रस्ते माणसांनी भरले होते. टांगेवाल्याला मंगळवार पेठ सांगितली. एका गल्लीत विणकरांनी सुताचे लांबच लांब ताणे पसरले होते, त्यांना खळ लावायचं काम चाललं होतं; त्यांच्यातली तेलुगू बोलणी कानावर पडत होती. टांग्याला वाट मिळेपर्यंत टांगेवाल्यानं माझी चौकशी केली.

"क्या काम निकाले साब इधर?"

"हिप्परग्याच्या तलावावर पक्षी बघायचे आहेत."

"बतखां?" त्यानं मागं वळून मला नीट न्याहाळलं. "पूना में बतखां नै मिलते क्या तुमना?"

मलकाप्पा दुकानाच्या पायरीवरच उभा होता. "काय बे मास्तर! आलास बरोबर? मला वाटलं तार येणार, कुठल्या स्टेशनावर विसरलास म्हणून!" असं म्हणून त्यानं माझ्या पाठीत अशी थाप दिली की दुर्बीण हनुवटीला लागली.

जेवायला घरी गेलो. अव्वा म्हणजे ठेंगणी, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे ओढलेली बाई. "बर्री, कुंद्री (या, बसा)," म्हणाली आणि पानात कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही आणि एण्णेगाई (तेलात शिजवलेली भरली वांगी) वाढत सुटली. ती भाकरी मोडताना जो कडकड आवाज होतो त्यावर माझं अगदी मन बसलं. तोंड भरलेलं असतानाच मी उत्साहानं माझा बेत सांगायला लागलो: पक्षी कसा ओळखायचा, कसा मारायचा, कातडं कसं काढायचं, मीठ कसं लावायचं.

अव्वाचा वाढता हात थांबला. त्या घरात मांसाचं नाव निघत नाही हे मला भाकरीचा तुकडा गिळल्यावर आठवलं.

"यप्पा! विभूती लावल्येल्याला माराया पुन्याहून आला व्हय मास्तर?"

"अव्वा, ती विभूती नव्हे. जन्मतःची खूण आहे. आणि हे शास्त्राचं काम आहे."

"शास्त्राला त्ये जित्तं चालत न्हाय का?"

मी शास्त्राची पद्धत समजावून सांगितली. बरंच समजावलं. अव्वानं शांतपणे ऐकलं आणि मलकाप्पाला विचारलं, "ह्यांच्या बायकोनं कसं सोडलं रे ह्यास्नी येकटं?"

मलकाप्पा हसून हसून उचक्या देऊ लागला. पण त्यानं माणूस ठरवून ठेवला होता. हिप्परग्याकडचे एक सुभेदार, महायुद्धात फ्रान्सला जाऊन आलेले, आता पेन्शनीत होते. नेम असा की, मलकाप्पाच्या शब्दांत, "उडत्या माशीला विचारून मारत्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तलावावर पोचलो. सोलापूरच्या उत्तरेला, तुळजापूरच्या वाटेनं टांगा बाहेर पडला की दोन्ही बाजूंना शाळूची (रब्बी ज्वारीची) शेतं लागतात आणि मध्ये मध्ये गवताचं उघडं माळरान. त्या कोरड्या मुलखात अचानक एवढं पाणी समोर येतं की डोळ्यांना खोटं वाटतं. थंडीत पाणी मागं सरलेलं असतं. काठच्या ओल्या गाळात लोक हरभरा आणि गहू पेरतात, आणि त्याच्या पलीकडं हिरव्या हरळीचा रुंद पट्टा सुटतो. त्या पट्ट्याच्या कडेला पाखरांची नुसती जत्रा भरली होती. लांब लाल पायांचे शेकाटे पाण्यात पावलं मोजत होते, थापट्या बदकं चमच्यासारख्या चोची पाण्यावर फिरवत होती, चक्रवाकांच्या जोड्या एकमेकांना हाका घालत होत्या आणि सगळ्यांच्या पलीकडं करडे, जाडजूड, घरंदाज चालीचे पट्टेरी हंस.

सुभेदार बांधावर आमची वाट बघत होते. खाकी कोट, पिळदार मिशा, खांद्याला दुनळी बंदूक. मला त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मास्तर, तुमचा दुश्मन दाखवा."

मी दुर्बीण लावली. तिचं एक भिंग जुन्या बाजारात घेतानाच धुरकट होतं, त्यामुळं मी एकच डोळा वापरतो. थोड्याच वेळात मला लव्हाळ्याच्या कडेला एक गोलसर, फिकट पाठ पाण्यावर हलकेच डुलताना दिसली. डोकं पंखात खुपसून झोपलेला हंस! रंग पट्टेरी हंसांपेक्षा अगदी निराळा. मी सुभेदारांची बाही ओढली.

"तो! तो झोपलाय तो! रंग बघा, आकार बघा. वेगळा आहे हे उघड्या डोळ्यांनाही दिसतं."

सुभेदारांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. मग मलकाप्पानं पाहिलं. मग दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"मास्तर," सुभेदार म्हणाले, "त्यो भोपळा हाय. कोळ्यानं जाळ्याला बांदलाय."

वाळलेला भोपळा. जाळं तरंगतं राहावं म्हणून बांधतात. मलकाप्पा बांधावरच बसला, त्याला उभं राहवेना. "घाला गोळी सुभेदार," तो म्हणाला, "कातडं मुंबईला पाठवू. मीठ लावून!"

मी दुर्बीण पुसली. आणि पुसून लावली तेव्हा खरंच तो दिसला.

हरळीवर चरणाऱ्या हंसांच्या कडेला तो एकटा होता. इतरांपेक्षा किंचित लहान, अंगानं तपकिरी-करडा, डोक्यामागं पट्टे नाहीत, आणि चोचीच्या मुळाशी, कपाळावर, पांढरी स्वच्छ पट्टी. बाकीचे माना खाली घालून चरत होते आणि हा मान उंच करून उभा होता, पहारा करत.

मी सुभेदारांच्या हातात दुर्बीण दिली. सरळ बाजूनं दिली, हे आवर्जून सांगतो. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"पिल्लू हाय," ते म्हणाले. "औंदाचं. अजून पट्टं उमटलं न्हाईत डोस्क्यावर. आन् कपाळाला खारवट चिकूल लागलाय, वाळला की पांढरा दिसतो. मी पिल्लावर काडतूस घालवत न्हाय."

आता ही शंका बिनबुडाची नव्हती. पट्टेरी हंसाच्या पिल्लाला पहिल्या वर्षी ते पट्टे नसतात आणि तोंडाशी थोडा पांढुरका रंगही असतो. तलावाच्या काठाला खारही फुटलेला होता. माझी बाजू लंगडी पडू लागली. पण एक खूण अशी होती की तिथं पिल्लू, चिखल, काही चाललं नसतं.

"पोट," मी म्हणालो. "हा तो हंस असेल तर त्याच्या पोटावर आडवे काळे फराटे असतात, कोळशानं ओढल्यासारखे. पट्टेरी हंसाला ते नसतात. पिल्लालाही नाही, मोठ्यालाही नाही."

"दावा मग पोट. काळं फराटं दिसलं तर तुमी खरं, आन् मग ह्यो बार त्याच्यासाठी." त्यांनी बंदुकीवर टिचकी मारली. "न्हाय दिसलं तर मास्तर, गावात मी भोपळ्याची गोष्ट सांगणार."

म्हणजे मी खोटा ठरलो तर माझी नाचक्की, आणि खरा ठरलो तर त्याचा जीव. त्या वेळी हा हिशेब मला पूर्ण पटलेला होता, एवढंच नव्हे तर आवडलाही होता.

पोट दिसायचं तर जवळ जायला हवं. मी गवतातून वाकत निघालो, तर काळा कोट आणि पांढरं धोतर बघून सगळे हंस पाण्याकडं सरकले. आडवा होऊन सरपटत गेलो, तर बाभळीच्या काट्यांनी माझा समाचार घेतला आणि हंस पुन्हा सरकले. अर्धी सकाळ अशी गेली. सुभेदार बांधावर बिडी ओढत होते. मलकाप्पा शेंगा फोडत होता आणि मधूनमधून ओरडत होता, "भोपळ्याकडं जा बे, तो पळत न्हाय!"

तेवढ्यात एक धनगरीण आपली मेंढरं घेऊन हरळीच्या पट्ट्यात उतरली. आणि मी पाहतच राहिलो. मेंढरं चरत चरत थेट हंसांच्यात शिरली. एकही हंस हलला नाही. मेंढराच्या नाकाशी हंस, हंसाच्या शेपटाशी मेंढरू, सगळे एकाच पंगतीत. आणि ती बाई, डोक्यावरून घोंगडीची खोळ (टोपरं करून पांघरलेली घोंगडी) घेतलेली, अगदी जवळून चालली तरी कुणी मान वर केली नाही.

मी मेंढरं जराशी मागं येईपर्यंत थांबलो आणि तिच्याकडं गेलो. नाव ठकूबाई. रापलेला चेहरा, हातात काठी, आणि बोलणं असं की समोरच्यानं आपोआप नीट उभं राहावं.

"ठकूबाई, तुमच्या मेंढरांच्यातनं मला त्या हंसांजवळ नेता का?"

"कशापायी?"

"एकाचं पोट बघायचंय."

तिनं माझ्याकडं, मग बांधावरच्या मलकाप्पाकडं पाहिलं. "ह्ये बरं हाय न्हवं?" तिनं त्याला लांबूनच विचारलं.

"बरं न्हाय," मलकाप्पा ओरडला, "पर चावत न्हाय!"

ठकूबाई हसली. मग तिची नजर सुभेदारांच्या बंदुकीवर गेली आणि हसणं थांबलं. "नुसतं बगायचं आसंल तर नेती. माज्या मेंढरांच्या आडून बार काडायचा न्हाय. लांडगा आला की पयल्यांदी ही पाखरं वरडत्यात, मग आमचं कुत्रं उटतं. पाखरांचा भरवसा हाय आमच्या मेंढरांवर. त्यो मोडला तर उद्या लांडगा आल्यावर वरडंल कोन?"

"नुसतं बघणार," मी म्हणालो. "शब्द देतो."

शब्द देताना मला काही अवघड वाटलं नाही. आज बघायचं, आणि मारायचं ते उद्या, दुसऱ्या काठानं, मेंढरं नसताना. सुभेदारांशी मी तसंच बोललो. त्यांनी मान डोलावली. मात्र पोट त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. ठकूबाईनं दोन घोंगड्या दिल्या. एक तिच्या नवऱ्याची, एक कुत्र्याच्या अंथरुणातली. दुसरी कुणाच्या वाट्याला आली हे वाचकांनी ओळखलंच असेल.

कळपात शिरल्यावर ठकूबाई मागून हुकूम सोडू लागली.

"वाकून चाला. दुडक्या चालीनं न्हाय, मेंढरावानी. मास्तर, हात खाली ठेवा की! आन् त्या काळ्या एडक्याच्या (मेंढ्यांच्या कळपातल्या नराच्या) म्होरं जाऊ नका, त्याला नवा मानूस खपत न्हाय."

मेंढरासारखं चालणं वाटतं तितकं सोपं नाही. दर चार पावलांना कुणीतरी माझ्या धोतराचा सोगा चघळायला सुरुवात करत होतं. लेंड्यांचा वास, लोकरीची ऊब, घोंगडीत चावणारं काहीतरी, आणि शेजारी फ्रान्समध्ये लढलेला सुभेदार गुडघ्यांवर रांगत "वाका, डोस्कं खाली" असं मला कुजबुजत चाललेला. पुण्यातल्या माझ्या विद्यार्थ्यांनी मला त्या वेळी पाहिलं असतं तर पुढची सगळी वर्षं वर्ग आवरता आला नसता.

आणि मग आम्ही हंसांच्यात होतो.

मी पक्षी खूप पाहिले, पण हंस एवढ्या जवळून चरताना कधी ऐकला नव्हता. हरळी तोडल्याचा तो बारीक फटफट आवाज, आपसातली हळू आवाजातली कुरकुर. पट्टेरी हंस हाताच्या अंतरावरून डुलत गेले. आणि त्यांच्या पलीकडं तो. अजूनही पहाऱ्यावरच. चोच गुलाबी, पाय नारिंगी, कपाळ पांढरं. चिखलबिखल नव्हता, पिसंच पांढरी होती. ऊन वर आलं तसा तो अंग ताणायला उंच झाला, पंख पसरून दोनदा फडफडवले, आणि त्याचं सगळं पोट आमच्यासमोर आलं.

काळे फराटे. आडवे, वेडेवाकडे, ठळक. जणू कुणी घाईघाईत कोळसा ओढला होता. पिल्लाला असली शाई मिळत नाही.

तेवढ्यात त्यानं आवाज दिला. पट्टेरी हंसांचा आवाज भरड, नाकातला. हा चढा, दोनदा लागोपाठ, कुणी खुदकन हसावं तसा. शंकेला जागाच उरली नाही.

त्या क्षणाला मी काय झालो होतो ते कसं सांगू? कुत्र्याच्या घोंगडीत, लेंड्यांत गुडघे रुतवून, धोतराचं टोक मेंढराच्या तोंडात, असा मी तिथं बसलो होतो आणि त्या तलावावरच्या सगळ्या पाखरांत जे एक निराळं होतं ते मी ओळखलं होतं. मी. उलटी दुर्बीण धरणारा, भोपळ्याला हंस म्हणणारा. छाती एवढी भरून आली की घोंगडी तोकडी वाटली.

"मानलं मास्तर," सुभेदार कानाशी कुजबुजले. "तुमी खरं. आता सरका जरा."

मी वळून पाहिलं. त्यांच्या घोंगडीखालून दुनळीची नळी बाहेर येत होती.

"सुभेदार, उद्या ठरलं होतं."

"उद्या ह्यो इतक्या जवळ यील व्हय? कातडं पायजे न्हवं मुंबईला? सरका."

नळी सावकाश वर येत होती. कातडं, मीठ, मुंबई, छापून आलेलं माझं नाव, सगळं दोन हातांवर होतं आणि त्यासाठी मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. शब्द मोडला असता तो सुभेदारांनी, मी नव्हे. एवढी स्वस्त कीर्ती मला जन्मात पुन्हा मिळणार नव्हती.

तो हंस आमच्याकडंच बघत होता. म्हणजे मेंढरांकडं. सगळ्या थव्याचा पहारेकरी तो, आणि दोन घोंगड्या त्याला दिसत होत्या. पण मेंढरांच्यात आहेत म्हणून त्यानं आरोळी दिली नाही. त्याची काही चूक नव्हती. त्याला जे ठाऊक होतं त्याप्रमाणं तो बरोबर वागत होता. लबाडी आमची होती, आणि शब्द मी दिला होता.

मी उभा राहिलो.

दोन्ही हात वर करून, घोंगडी उडवत, तोंडानं काहीतरी ओरडत उभा राहिलो. काय ओरडलो ते आठवत नाही; ते भूगोलातलं नव्हतं. एका झपाट्यात सगळा काठ उठला. पंखांचा वारा तोंडावर आला, शेकाटे, चक्रवाक, बदकं, सगळं आभाळ आरडाओरड्यानं भरून गेलं, मेंढरं उधळली, आणि माझ्या डोक्यावरून तो गेला. खालून पुन्हा ते पोट, तेच फराटे. मी वर मान करून बघत होतो म्हणून काळा एडका मला दिसला नाही. त्यानं मागून जी धडक दिली तिनं मी सपशेल चिखलात तोंडावर पडलो.

बार निघालाच नाही. सुभेदार घोंगडी फेकून ताडकन उठले. मिशा थरथरत होत्या. "मास्तर! ह्ये काय केलंत? मुद्दाम उटला तुमी!"

मी तोंडातला चिखल काढत होतो. खरं बोलायला तोंड मोकळं व्हायच्या आत ठकूबाई मध्ये आली.

"मुद्दाम कशाला उटत्यात? एडक्यानं उचाललं त्यास्नी! मी सांगत हुते न्हवं, त्याच्या म्होरं जाऊ नका म्हनून? आन् सुभेदारसायेब, ही बंदूक कुटनं आली वो माज्या मेंढरांत? नुसतं बगायचं ठरलं हुतं न्हवं?"

सुभेदारांचा राग एकदम निम्म्यावर आला. त्यांनी बंदूक घाईघाईनं पाठीमागं घेतली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, एडक्याकडं पाहिलं, आणि हळूहळू त्यांच्या मिशांखाली हसू फुटलं. "एडक्यानं व्हय? मास्तर, पक्षी वळकायला हुशार, पर मागनं काय येतंय त्ये बगत न्हाय तुमी!"

ठकूबाई माझ्या अंगावरचा चिखल काठीनं खरवडत होती. तिनं फक्त मला दिसेल अशा बेतानं एक डोळा मिचकावला. तिनं सगळं पाहिलं होतं. मी उभा राहिलो तेव्हा एडका अजून चार मेंढरांपलीकडं होता.

मी ते तसंच राहू दिलं. सुभेदारांना त्या गावातच राहायचं होतं आणि ठकूबाईलाही त्याच काठावर मेंढरं चारायची होती. एका पुणेरी मास्तरानं मुद्दाम त्यांचा नेम घालवला, यापेक्षा एडक्यानं मास्तर आपटला ही गोष्ट सगळ्यांनाच सोयीची होती. सुभेदारांनी तर तिथल्या तिथं मला मिठीच मारली, चिखलासकट. "पर तुमचं खरं निगालं," ते म्हणाले. "फराटं हुतं. मी बगितलं. कुनी इचारलं तर सांगीन."

संध्याकाळपर्यंत ती गोष्ट आमच्याआधी मंगळवार पेठेत पोचली होती. मलकाप्पाच्या दुकानात गिऱ्हाइकं मला बघायला म्हणून थांबू लागली. हमाल एकमेकांना मागून धडका देत होते. टांगेवाला मुद्दाम दारात आला आणि म्हणाला, "साब, बतखां देखे सो ठीक, बकरा कायकू देखे नै?"

रात्री जेवायला बसलो. अव्वानं कुणाचं काही ऐकून घेतलेलं दिसत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "त्ये उडालं न्हवं?"

"उडालं, अव्वा."

"बरं झालं. घ्या." असं म्हणून तिनं पानात तिसरी शेंगापोळी घातली आणि वर तूप सोडलं. मलकाप्पाला दोनच मिळाल्या. त्यानं तक्रार केली, तर त्याला कन्नडमधून काहीतरी ऐकावं लागलं, त्याचा अर्थ त्यानं मला अजून सांगितलेला नाही.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. कुर्डुवाडीवरून गाडी निघाली तेव्हा उन्हं उतरली होती आणि माळावरून मेंढरांचा एक कळप मुक्कामाच्या तळाकडं चालला होता. त्यांच्यावरून पाखरांची एक ओळ गेली. कुठली ते अंतर जास्त असल्यामुळं मला ओळखता आलं नाही, आणि या वेळी मी ओळखायचा आव आणला नाही.

पुण्याला आल्यावर मी मुंबईला सविस्तर वर्णन धाडलं. कपाळ, चोच, पाय, पोट, आवाज, सगळं. सुभेदारांचं साक्षीदार म्हणून नाव घातलं. उत्तर आलं ते नेहमीचंच: कातडं नसल्यामुळं नोंद करता येत नाही, क्षमस्व. शिवाय माझ्या आधीच्या शोधांची सौजन्यानं आठवण करून दिली होती. तेव्हा विद्वानांच्या लेखी हिप्परग्याला तो हंस कधी आलेलाच नाही. आणि सोलापूरच्या लेखी मी म्हणजे एडक्यानं पाडलेला मास्तर. मलकाप्पाची कार्डं आता "काय बे एडके मास्तर" अशीच सुरू होतात.

माझ्या फजितीच्या हकिगती वाचकांनी आजवर पुष्कळ ऐकून घेतल्या आणि त्या सगळ्या खऱ्या होत्या. ही तेवढी फजिती नव्हती. आमच्या घरातही ती मी कुणाला सांगितली नाही. कुटुंबानं धोतर धुताना विचारलं तेव्हा घसरलो म्हणून सांगितलं. पण मनात एक जागा अशी आहे की तिथं मी अधूनमधून जाऊन ताठ बसून येतो. मी त्याला ओळखलं, एवढ्यानं ती भरत नाही. ओळखल्यानंतरही तो गेला, वर, हसत, आपल्या फराट्यांसकट, हे तिथं आहे. म्हणून इथं एकदा लिहून ठेवतो, ज्याला विश्वास ठेवायचा त्यानं ठेवावा. आधी मी उभा राहिलो. एडका नंतर आला.